सात-वीसची परतलहर

खडकवणीच्या पोतनीस सभागृहात भिंतीवर दोन घड्याळं होती. डावीकडचं आजचं, २० डिसेंबर २०४६ चं. उजवीकडचं ९ ऑगस्ट १९८४ चं. डाव्यात सकाळचे दहा-पस्तीस झाले होते, उजव्यात सहा-पन्नास. खुर्च्यांवर बसलेली साडेतीनशे माणसं डाव्या घड्याळाकडे ढुंकूनही बघत नव्हती.

उजव्या घड्याळाला सगळे परत-घड्याळ म्हणत. अवकाशातून परत येणारे जुने रेडिओसंदेश आज कोणत्या दिवसाचे आणि कोणत्या मिनिटाचे आहेत, ते हे घड्याळ दाखवायचं. आठ वर्षांपूर्वी शोध लागला तेव्हा जगभर खळबळ झाली होती. आता लोक सवयीने विचारत, आज परत-घड्याळात काय लागलंय?

आणि आज लागला होता खडकवणीचा दिवस. खडकवणीच्या माणसाला मुळात अभिमानासाठी फार निमित्त लागत नाही. आमच्या गावचं वांगंसुद्धा आम्ही मान ताठ करून विकतो. पण हे निमित्त खरोखरच मोठं होतं. तांबडी नदीवरचं मातीचं धरण त्या दिवशी दुपारी एकला फुटलं. टेलिफोनच्या तारा आठवडाभर पडलेल्या. तेव्हा खडकवणीतले रेडिओ दुरुस्त करणारे नरहरी पोतनीस यांनी आपल्या हौशी बिनतारी केंद्रावरून, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे धरण फुटण्याआधी जवळजवळ पावणेसहा तास, खालच्या निंबतळे गावाला धोक्याचा संदेश पाठवला. हे चौकशी आयोगाच्या अहवालात छापलं होतं. सभागृहासमोर कानाला हेडफोन लावलेला त्यांचा अर्धपुतळा होता. आणि त्यांची मुलगी सुमेधा पोतनीस, शाळेतून निवृत्त झालेल्या पदार्थविज्ञानाच्या बाई, यांनी जिल्ह्याच्या रेडिओचा इतिहास लिहिला होता, ‘बिनतारेची माणसं’. आठवीच्या मुलांना त्यातला धडा होता.

बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वय अडुसष्ट, साडी इस्त्रीची, मांडीवर पुस्तक. नाना, म्हणजे त्यांचे वडील, जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. आज त्यांचा ‘हात’ पुन्हा ऐकू येणार होता. मोर्सचं बटण दाबण्याची प्रत्येकाची लकब वेगळी असते, हस्ताक्षरासारखी. तिला या धंद्यातले लोक हात म्हणतात. ‘कट्ट’ म्हणजे आखूड ठोका, ‘कड’ म्हणजे लांब; नाना शब्दाचा शेवटचा ‘कड’ किंचित लांबवायचे. असा हात पंचक्रोशीत नव्हता, असं बाईंनी पुस्तकात लिहिलंच होतं.

व्यासपीठावर यंत्राशी बसली होती डॉ. नसीम मुलाणी. परतलहर केंद्राची खगोलशास्त्रज्ञ, अडतिशीची. आडनाव बाईंच्या ओळखीचं होतं. निंबतळ्याच्या पाटबंधारे चौकीवरचा वायरलेसमन होता कासम मुलाणी. सकाळी सात-वीसला आलेला संदेश त्याने दुपारपर्यंत दाबून ठेवला, ड्यूटीवर झोपला असावा, असा आयोगाने ठपका ठेवला. निंबतळ्यात त्रेचाळीस माणसं गेली आणि कासमची नोकरी गेली.

“मी त्यांची नात,” नसीमने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. “लपवाछपवी नको. मला फक्त ऐकायचंय.”

परत-घड्याळात सात वाजले. वेळ काढायला म्हणून नगराध्यक्ष घोलप माइकवर आले.

“डॉक्टर, आम्ही अडाणी माणसं. बासष्ट वर्षांपूर्वी बोललेलं आज कसं काय ऐकू येतं, ते जरा आमच्या भाषेत सांगा.”

“मळणी पाहिलीय का तुम्ही? बैलांची?” नसीमने विचारलं.

“लहानपणी. आज्याच्या खळ्यावर.”

“खळ्याच्या मधोमध खांब असतो.”

“मेढ.”

“बैल त्या मेढीभोवती गोल फिरतात. आता समजा, एक बैल पूर्वेकडून धावत आला, मेढीभोवती अर्धा फेरा मारला आणि दावं सुटलं. कुठे जाईल?”

“आला तिकडंच की. पूर्वेला.”

“बस, एवढंच. रेडिओची लहर प्रकाशाच्याच जातीची. एकदा निघाली की थांबत नाही. बरीचशी आयनांबरावर आपटून खाली येते; आयनांबर म्हणजे वातावरणाच्या वरचा विद्युतभारित थर. पण थोडी वरून गळते आणि अवकाशात जात राहते. एकतीस प्रकाशवर्षांवर एक कृष्णविवर आहे. इतकं जड आणि इतकं आवळलेलं, की त्याच्या अगदी जवळून जाणारी लहर वळते. काही लहरी अर्धा फेरा मारून सुटतात आणि आल्या वाटेने परत येतात. जायला एकतीस, यायला एकतीस. आम्ही त्याला मेढच म्हणतो.”

“आणि ते बासष्ट वर्षांनी ऐकू येण्याइतकं शिल्लक राहतं?”

“जवळजवळ काहीच नाही राहत. पोतनीसांचा सेट पन्नास वॅटचा, एका बल्बाएवढा. पृथ्वीवर तर आपल्याच गोंगाटात ते सापडायचं नाही. म्हणून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जिथे पृथ्वीचा आवाज पोचत नाही, तिथे आमच्या चार लाख तारा पसरल्यात. त्यांनी ऐकलेलं सगळं एकत्र केलं की एखादी कट्ट कानाला लागते. पण त्या तारांचा कान अरुंद आहे. एका वेळी एकच पट्टी ऐकता येते, म्हणून तास वाटून द्यावे लागतात. कुणाला जुन्या क्रिकेटचं समालोचन हवं असतं, कुणाला गेलेल्या आईचं आकाशवाणीवरचं गाणं. त्या तासात ऐकलं तर ऐकलं. लहर पृथ्वीला ओलांडून पुढे गेली की ती कायमची गेली.”

तेवढ्यात परत-घड्याळात सात-अठरा झाले. कर्ण्यातून खरखर येत होती आणि तिच्या तळाशी टिक, टिक, टिक. १९८४ साली वेळ सांगणाऱ्या सरकारी केंद्राचा तो ठोका होता. त्यावरूनच हे घड्याळ लावलेलं, सेकंदाचीही चूक नव्हती.

सात-वीस. बाईंनी डोळे मिटले.

खरखर. टिक, टिक.

सात-एकवीस झाले, पंचवीस झाले. साडेसातला कुणीतरी खाकरलं. पावणेआठला घोलपांनी नसीमकडे आणि मग यंत्राकडे असं काही पाहिलं, जणू दोन्हींपैकी एक निश्चित नादुरुस्त आहे. आठ वाजता लोक उठले. “परदेशी बनावटीचं असणार,” कुणीतरी म्हणालं. “नातच बसवलीय यंत्रावर, मग काय ऐकू येणार?” असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते नसीमला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालं.

रिकाम्या सभागृहात दोघीच उरल्या. शिपायाने दोन कप चहा आणून ठेवला आणि तो जेवायला गेला.

“यंत्र ठीक आहे,” नसीम म्हणाली. “टिक स्वच्छ येत होती. त्याच पट्टीवर सहा-पन्नासला कुणी मद्रासचा माणूस हवापाण्याचं बोलत होता, तोही आला.”

“मग नानांचा संदेश?”

“सात-वीसला तो गेलाच नाही, बाई.” तिचा आवाज चढला नव्हता. “आजोबा मरेपर्यंत एकच सांगायचे. संदेश दहा मिनिटं कमी एकला आला, आणि आल्या मिनिटाला मी भोंगा वाजवला. आयोगापुढे तेच सांगितलं, पण अहवालात फक्त ‘वायरलेसमनचे म्हणणे विश्वासार्ह नाही’ एवढंच आलं. चौकीचं लॉगबुक पुरात गेलं. पुढे त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. रिकाम्या वेळी स्पॅनरने रिमवर मोर्स वाजवत बसायचे, मी त्यातूनच शिकले. बारा-पन्नासचा तास मिळावा म्हणून मी केंद्राकडे दोनदा अर्ज केला. नातेवाइकाचा शब्द पुरावा धरत नाहीत. तास तुमच्या गावाच्या नावावर आहे. तो वाढवून हवा तर ज्या गाव-समितीने तो घेतला, तिलाच मागावा लागतो, लेखी कारण देऊन, कागदासकट. अर्ध्या तासात. नाहीतर माझ्या तारा दुसरीकडे वळणार.”

बाई मात्र ‘दहा मिनिटं कमी एक’ याच शब्दांपाशी अडकल्या होत्या.

बारा-पन्नासातून सात-वीस गेले की उरतात साडेपाच. जगातल्या इतर कुणालाही हा आकडा काही सांगणार नाही. हौशी बिनतारीवाल्याच्या मुलीला मात्र तो झोपेतही कळतो. या लोकांचं बोलणं जगभर चालतं, जपानचा माणूस ब्राझीलच्या माणसाशी बोलतो. म्हणून लॉगबुकात वेळ आपली लिहायची नाही, ग्रिनिचची लिहायची, असा त्यांचा दंडक. जीएमटी. भारतातली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. नानांच्या कार्यशाळेतलं घड्याळसुद्धा ग्रिनिचवर लावलेलं असायचं. लहान सुमेधा त्यावरून शाळेत गेली असती तर पोचायला दुपार झाली असती.

नानांनी लॉगमध्ये लिहिलं ०७२०. आयोगाने वही जप्त केली, कारकुनाने वाचलं सकाळचे सात-वीस.

बाईंनी पुस्तक उघडलं. पान एकेचाळीसवर त्यांनी स्वतःच मुलांना समजेल अशा भाषेत लिहिलं होतं: ‘हौशी बिनतारी केंद्राच्या नोंदीतली वेळ नेहमी ग्रिनिचची असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.’ आणि पान एकशे बारावर: ‘लॉगबुकातील नोंद सांगते, सकाळी सात वाजून वीस मिनिटे.’ दोन्ही वाक्यं त्यांचीच. मध्ये सत्तर पानं. पाच आवृत्त्या निघाल्या, हजारो मुलांनी धडा पाठ केला, आणि एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. लेखिकेच्याही नाही.

पण नानांच्या?

नाना त्या दिवसाबद्दल कधी बोलत नसत. सत्कारात हार घालून घेत आणि खाली बसत. आयोगाने त्यांना एकच प्रश्न विचारला होता, ही नोंद तुमचीच ना? ते होय म्हणाले होते. अहवाल आला त्याच आठवड्यात त्यांनी केंद्र बंद केलं, एरियलचा खांब उतरवला. बाईंनी या सगळ्याला विनय म्हटलं होतं. विनयावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

त्यांना नानांचा राग आला. मग लाज वाटली. मग वाटलं, गप्प बसलं तर काय होईल? काही नाही. अर्ध्या तासात तारा वळतील, लहर निघून जाईल. यंत्र बिघडलं असं गाव म्हणेल, ते म्हणतच होतं. पुतळा राहील, धडा राहील. ही बेरीज-वजाबाकी सुचलेलं माणूस या क्षणी जगात एकच होतं, आणि त्याला फक्त चहा पीत बसायचं होतं. नानांनीही बहुधा असंच केलं असेल. कुणी खोटं बोलायला सांगितलंच नव्हतं.

“काय झालं, बाई?” नसीमने विचारलं. “बरं वाटत नाही का?”

“पेन आहे का तुझ्याकडे?” त्या म्हणाल्या. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघींनाही कळलं नाही.

समितीच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. कारण: नोंद ग्रिनिच वेळेत होती, संदेश दुपारी बारा-पन्नासला गेला असावा. पुरावा: सोबतचे पुस्तक, पान एकेचाळीस. खाली सही केली, ‘सुमेधा नरहरी पोतनीस’. एरवी त्या वडिलांचं नाव लिहीत नसत. आज मुद्दाम लिहिलं.

नसीमने अर्ज दोनदा वाचला. पहिल्यांदा तिला अर्थ लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तशी ती खुर्चीत मागे टेकली आणि कितीतरी वेळ पान एकेचाळीसकडे बघत राहिली.

“हे शाळेत होतं आम्हाला,” ती म्हणाली. “मला यात पैकीच्या पैकी होते.”

परत-घड्याळात बारा-पन्नास झाले तेव्हा बाहेर संध्याकाळची उन्हं उतरली होती. शिपाई धरून तीन माणसं. खरखर, टिक, टिक, आणि मग त्यातून, बारीक पण स्वच्छ, कड कट्ट कड.

“नाना,” बाई म्हणाल्या.

शेवटचा कड किंचित लांबलेला. हात एवढासाही कापत नव्हता. निंबतळे चौकीला तीन हाका, मग रोमन अक्षरांत मराठी, जिल्ह्यातल्या आपसांतल्या बोलण्याची तशीच रीत होती: धरण गळते आहे. चौकीदार सांगून गेला. गाव हलवा. गाव हलवा. बाईंना रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम, आणि त्यांनी कशालाच आवर घातला नाही. दहा मिनिटं आधी काय नि पावणेसहा तास आधी काय, कळल्या मिनिटाला माणूस सेटवर बसला होता.

मग दुसरा हात आला. जलद, थोडा खडबडीत. कट्ट कड कट्ट. समजलं.

नसीम उभी राहिली. हा हात तिने सायकलच्या रिमवर ऐकला होता. “बारा-एक्कावन,” ती म्हणाली. “एक मिनिट लागलं. एकच.”

पुढचा पाऊण तास या जिल्ह्याच्या इतिहासात कुठेच लिहिलेला नव्हता, कारण लिहिलेली वही पाण्यात गेली होती. कासम मुलाणी एकटा बसून खालच्या तिन्ही चौक्यांना एकामागून एक उठवत होता. नाव, धोका, टेकडीकडे जा. नाव, धोका, टेकडीकडे जा. एक चौकी उत्तर देत नव्हती, तिला त्याने एकोणीस वेळा हाक मारली. नसीम बोटांवर मोजत होती. विसाव्या हाकेला ती चौकी बोलली. त्या गावात त्या दिवशी एकही माणूस दगावलं नव्हतं, हे बाईंच्या पुस्तकात होतं. का दगावलं नव्हतं ते नव्हतं. एक-सदतीसला कासमने पाठवलं: चौकीत पाणी. सेट टेबलावर घेतला आहे. एक-एक्केचाळीसला वाक्य अर्धं राहिलं.

“हे माझे आजोबा,” नसीम शिपायाला म्हणाली. त्याला ते ठाऊक होतं, तरी तो उठून उभा राहिला.

गावाने पुढे महिनाभर आदळआपट केली. बाईंशी बोलणं टाकलं, सभागृहाचं नाव काय ठेवायचं यावर दोन सभा उधळल्या. मग खडकवणीने खडकवणीसारखंच केलं: आमच्या पोतनीसबाईंनी स्वतःच्या बापाची चूक स्वतःच्या पुस्तकातून काढून दाखवली, आहे का तालुक्यात दुसरीकडे असं कुणी, असं घोलप भाषणात सांगू लागले. निंबतळ्यात दुसरा अर्धपुतळा बसला. सहाव्या आवृत्तीत पान एकशे बारा नव्याने लिहिलं गेलं. बाईंना त्या पानाचा पहिल्या पाच आवृत्त्यांपेक्षा जास्त अभिमान होता, आणि त्या तसं सांगतही.

एक गोष्ट मात्र त्यांना सोडत नव्हती. नानांना माहीत होतं, मग ते कधी कुणाला बोलले का? सेटवरून हवेत बोलले असले तर ते परत येणारच होतं. केंद्राने आता मागण्याआधीच रोजची पंधरा मिनिटं दिली. नाना ज्या ठरलेल्या वेळी सेटवर बसत, तेवढी. सव्वा वर्ष दोघी रोज ऐकत राहिल्या, नसीम केंद्रातून, बाई घरातून. नाना हवापाणी सांगत, फ्यूज गेल्याची तक्रार करत, लंकेतल्या एका मित्राला सुमेधा पाढे म्हणते असं कळवत. बाई ते ऐकून हसत.

परत-घड्याळात ११ नोव्हेंबर १९८५ उजाडला, अहवाल निघाला तो दिवस. त्या आठवड्यासाठी नसीम खडकवणीला बाईंच्या घरी आली.

अकरा तारखेला नाना आले नाहीत. बाराला आले. रोजच्या पट्टीवर, रोजच्या हाताने त्यांनी निंबतळे चौकीला तीन हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा तीन. त्या चौकीवर कुणी नव्हतं; कासमला आदल्याच दिवशी बडतर्फ केलं होतं आणि खोलीला कुलूप होतं. नानांना हे माहीत असणारच. तेराला पुन्हा तेच. चौदाला त्यांनी हाका मारल्या, थांबले, आणि रिकाम्या चौकीला संदेश पाठवला.

कासम. वेळ ग्रिनिचची होती. तू बरोबर आहेस. मी बोललो नाही. माफ कर.

शेवटचा कड आखूड पडला होता. बाईंनी तो पहिल्यांदाच तसा ऐकला. नाना उत्तरासाठी थांबले. पूर्ण चार मिनिटं नुसती खरखर आणि टिक, टिक. मग केंद्र बंद करत असल्याची खूण आली, आणि ती पट्टी कायमची गप्प झाली.

नसीमने टेबलावरचं नानांचं जुनं बटण ओढून घेतलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तिने त्यावर वाजवलं, कट्ट कड कट्ट. समजलं. मग वही उघडून तिने नोंद केली, वेळ लिहिली, आणि वेळेपुढे ‘जीएमटी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

बाईंनी ती नोंद वाचली.

“इथून निंबतळ्याला एसटी होती, नसीम. तेव्हासुद्धा. दर तासाला.”

“माहीत आहे,” नसीम म्हणाली. “आजोबांचं दुकान स्टँडसमोरच होतं. उतरलं की पहिलंच.”